'सैराट'मध्ये परश्या आर्चीवर हात उचलतो, तरी त्याच्याबद्दल वाईट वाटतं, हे चुकीचं आहे का?

नाही, अजिबात चुकीचं नाही, फक्त वाईट वाटणं आणि त्याची बाजू घेणं यात गल्लत करू नका. आमचा ऐरोलीत पिक्चर बघून वाद घालणारा ग्रुप आहे, तिथे याच सीनवर नेहमी दोन पार्ट्या पडतात. कारण असं की दुसरा चुकला की आपण लगेच त्याच्या स्वभावावर घसरतो, परिस्थिती बघतच नाही, सायकॉलॉजीत ली रॉसने 1977 मध्ये याला फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर असं नाव दिलं. आता परश्या बघा, गावात क्रिकेट टीमचा हिरो, अभ्यासात हुशार, आणि तोच पोरगा जीव वाचवायला पळून हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडतो, भाषा येत नाही, ओळखीचं माणूस नाही, आणि घरचे मागे कुठल्या हालात सोडलेत ते वेगळंच. त्यातून तो आर्चीवर संशय घ्यायला लागतो, नुसता 'मुळातच तसला' म्हणून नाही. फक्त एक लक्षात ठेवा, आर्ची पण त्याच खोलीत राहत होती, उलट ती तर बुलेट फिरवणारी पाटलाची पोरगी, सगळं सोडून आलेली, म्हणजे जास्तच खाली आली, आणि तिने काही मारहाण केली नाही. त्यामुळे परिस्थितीने त्याचा राग समजतो, हात उचलणं मात्र त्याच्याच खात्यात जातं. पुन्हा बघाल तेव्हा हैदराबादचा भाग तिच्या बाजूने बघा, बराच वेगळा दिसतो.