पुन्हा सा-पासून

"ताई, तीस वर्षांपूर्वी पेटीची 'प्रवेशिका पूर्ण' परीक्षा झालेय माझी. आणि आता साध्या सारेगमला बोटं अडखळतात. मग तेव्हाचं सगळं वायाच गेलं ना?"

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या, सत्तेचाळिशीच्या या बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) खरं तर झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या. पेटीचं दुसऱ्या भेटीत निघालं. लेकीने पहिल्या पगारातून आईची जुनी पेटी दुरुस्त करून आणली. बाईंनी थेट पुढच्या, मध्यमा परीक्षेचा अभ्यासक्रम उघडला. चौथ्या दिवशी पेटीवर पुन्हा कापड.

वाया गेलं का, याचं उत्तर सोपं होतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून प्रयोग केले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे त्याने मोजून दाखवलं. आठवत नसलं तरी आत काहीतरी उरलेलं असतं. बाईंना हे पटलं. मी खूश होऊन रोज एक तासाचं वेळापत्रक आखून दिलं.

चूक माझी. चाळीतल्या बाईकडे सलग एक तास असतो कुठे? पंधरा दिवसांनी त्या माझ्यासमोर चोरासारख्या बसल्या. मग खरं कारण बाहेर आलं, आणि ते वेळेचं नव्हतंच. "भिंती पातळ आहेत हो. शेजारची चौथीतली पोरगी क्लासला जाते. तिला ऐकू जाणार, काकू सारेगम वाजवतायत!"

यावर माझ्याकडे शास्त्र नव्हतं. एवढंच ठरवलं: संध्याकाळी कुकर गॅसवर चढला की पेटीवर बसायचं, तिसऱ्या शिट्टीला उठायचं. फक्त सारेग, रेगम, गमप. बिलावल थाट, सगळे शुद्ध स्वर. कुकरच्या आवाजात पेटी कोण ऐकतंय?

महिन्याभराने आल्या. मधे सहा दिवस खाडा झाला होता, पाहुणे होते. सातव्या दिवशी परत सारेगपासून सुरुवात केली म्हणाल्या. सांगताना आवाजात ओशाळलेपण नव्हतं. झोपेचं मीच विचारलं. "बरी आहे," म्हणाल्या, आणि लगेच पेटीवरच आल्या. भूप राग अजून घेतलेला नाही. शेजारची पोरगी मात्र परवा दारात येऊन म्हणाली, "काकू, तुमचा ग लवकर सुटतो."

"खरंच सुटतो हो," बाई हसत म्हणाल्या.