आधी मजल्यावरचा डबा पाहा

प्रिय विद्यार्थीमित्रा,

होस्टेलवर कचऱ्याचं काम सुरू करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पोस्टर आणि शपथा नंतर बघू. आधी तुमच्या मजल्यावरचा डबा नीट पाहा. तर्री-पोह्याच्या प्लेटा, त्या तर्रीत भिजलेल्या झेरॉक्स, पाण्याच्या बाटल्या, खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या. त्या झेरॉक्स कोरड्या असत्या तर कबाड्याने किलोवर घेतल्या असत्या. तर्री लागली, आता त्यांना कोणी हात लावणार नाही.

म्हणून माझा आग्रह एकच, ओलं आणि सुकं टाकतानाच वेगळं करा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीही ही जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. आपण मिसळलेलं पुढे कोणीतरी हाताने निवडतं. जे निवडलं जात नाही ते ढिगात दबतं, हवेविना कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोतल्या ढिगाला उन्हाळ्यात आगी लागतात, त्यामागे हा वायूही असतो. धूर मात्र शेजारच्या वस्त्यांमध्ये जातो.

कबाड्याकडे सगळंच खपत नाही, हेही मुलांना सांग. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. चहाच्या कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. टपरीवर काचेचा ग्लास मागायचा.

पण खरा मोठा ढीग परीक्षा संपल्यावर लागतो. खोल्या रिकाम्या होताना कूलर, गाद्या, बादल्या, गाईडं, सगळं व्हरांड्यात टाकून मुलं गावी जातात. नवी मुलं येतात ती हेच सगळं बर्डीच्या बाजारातून पुन्हा विकत घेतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या कित्येकांच्या घरी तो पैसा जपून खर्च होतो. वॉर्डनकडून उन्हाळ्यापुरती एक खोली मागून घे. कूलरच्या टाकीतलं पाणी काढून, गवत काढून, कोरडा करून ठेवायचा, नाहीतर पत्रा गंजतो. वस्तूंची वही ठेव आणि प्रवेशाच्या वेळी ज्याला गरज आहे त्याला त्या दे. फुकटच दे.

आणि डबे कुठे ठेवायचे हे मीटिंगमध्ये ठरवू नका. मजला झाडणाऱ्या मावशींना विचार. कुठल्या खोलीतून काय निघतं, कुठला डबा आधी भरतो, हे त्यांना ठाऊक असतं. रद्दीचे पैसे त्यांनाच मिळतील असं पाहा आणि हातमोजे पहिल्याच दिवशी आणून दे.

तुझा,
सर