पावसात पहिल्यांदा घाट उतरताना

सेकंडहँड का होईना, गाडी आली, अभिनंदन! पण पहिल्याच पावसात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं म्हणतोयस, तर जरा ऐक.

ज्या गिअरमध्ये घाट चढतोस, त्याच गिअरमध्ये उतर. दुसरा टाकला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक अधूनमधून लागतो. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रल करायला सांगणारे शहाणे भेटतील. हल्लीच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं इंधन तसंही बंद होतं. विशीत मीही न्यूट्रलचा हा शहाणपणा केला होता. अर्ध्या घाटात जळका वास, ब्रेकवर पाय ठेवला तर गाडी धरेचना. पहिला गिअर आणि हँडब्रेकच्या जोरावर कशीबशी कडेला घेतली आणि चाकांतून निघणारा धूर बघत तासभर बसलो. अशा वेळी वर पाणी ओतू नकोस, ब्रेकची तापलेली डिस्क वाकते.

निघण्याआधी टायर बघ. कायद्याने १.६ मिलिमीटर खोल नक्षी चालते. मी पावसात तेवढ्यावर घाटात जाणार नाही.

काच आतून धुरकटली तर फडकं शोधू नकोस, एसी लाव. धुक्यात अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत नको. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर तर मुळीच नकोत, तू कुठे वळतोयस ते मागच्याला कळत नाही. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.

आणि सेल्फीसाठी धबधब्यापाशी वळणावर गाडी लावलीस, तर मला फोन करू नकोस.