जिप्सीत बलेनोचं इंजिन: सायलेन्सरचा खर्च धरलात का?

कराडच्या एका वाचकाचं पत्र आहे. 1998 ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरचं 1.3 इंजिन थकलेलं. त्याजागी जुन्या बलेनोचं 1.6 इंजिन बसवायचंय. गॅरेजवाल्याने इंजिन, वायरिंग आणि मजुरीचे 1,60,000 सांगितलेत. 'सायलेन्सरचं नंतर बघू, दहा हजारांत होईल' म्हणाला. पगार 48,000, एफडी 2,20,000, घरात दोन मुलं. एफडी मोडावी की दीड लाखाचं पर्सनल लोन काढावं?

पैसे कुठून आणायचे ते पुढे बघू. आधी खर्चाचा आकडा पुरा करा, कारण 'नंतर बघू' या दोन शब्दांतच तुमचं बजेट फुटणार आहे.

बलेनोत हे इंजिन आडवं बसतं, जिप्सीत लांबीच्या दिशेने. त्यामुळे बलेनोची सायलेन्सर लाइन जशीच्या तशी येत नाही. खाली चॅसिस, स्टिअरिंग, माउंटिंग आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांना जोर पोचवणारा दांडा) यांच्यातून पाइपला वाट काढावी लागते, आणि खड्ड्यात पुढचा ॲक्सल वर येतो तेव्हाही शाफ्ट पाइपला घासता कामा नये. ही वाट इंजिन चेनवर टांगलेलं असतानाच ठरवायची. माउंटिंगला पक्कं वेल्डिंग झाल्यावर ठरवलीत तर तेच काम कापून परत करायला लावाल, म्हणजे मजुरी दोनदा.

बलेनोचं इंजिन एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं. त्याला धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लागतो. तो मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पहिल्या पाइपांजवळ), कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या, आधी हवा. सेन्सरच्या आधीच्या, इंजिनाकडच्या जोडातून हवा शिरली की ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिश्रणात पेट्रोल कमी वाटतं आणि तो ते वाढवत राहतो. हा खर्च दर महिन्याला पंपावर भराल. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणून तो महाग. भंगारातला घेतलात तर आतून रिकामा नाही ना, ते बघून घ्या. इंजिन हलतं, चॅसिस हलत नाही, म्हणून मध्ये लवचीक फ्लेक्स जॉइंट हवाच, नाहीतर मॅनिफोल्ड तडकतो. या इंजिनाच्या जेमतेम 94 बीएचपीला दोन इंची पाइप पुरतो. तीन इंचीचा आवाज मोठा, पण घाटात कमी आरपीएमवरचा जोर उलट कमी होतो.

एका गोष्टीत मात्र पैसे वाचवू नका. पाइपचं तोंड गाडीच्या मागच्या टोकाबाहेर काढा. जिप्सीचं छत कापडी, मागच्या बाकावर तुमची मुलं बसणार, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मॅनिफोल्डचं काम, कन्व्हर्टर, सेन्सर, फ्लेक्स, मफलर (आवाज दाबणारा डबा), पेट्रोल आणि ब्रेकच्या लाइनजवळचे हीट शील्ड यांचं कोटेशन सुटं, लेखी मागा. ते येईपर्यंत मी सायलेन्सरपोटी दहा नव्हे, 40,000 धरेन. म्हणजे एकूण दोन लाख.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिन बदललं की आरसीवर नोंद हवी, आणि इथे तर सीसीसुद्धा बदलतेय. तेव्हा परवानगी मिळेलच असं धरून चालू नका, आधी आरटीओत लेखी विचारा. परवानगीविना केलेल्या बदलाला प्रत्येकी 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय तुमच्या गाडीचं पुढचं पासिंग 2028 मध्ये. तिथे इंजिन नंबर जुळला नाही तर दोन लाखांची गाडी दारात उभी राहील. अपघात झाला तर विमा कंपनीही ओन डॅमेजचा (तुमच्याच गाडीच्या नुकसानीचा) क्लेम याच मुद्द्यावर नाकारू शकते.

एफडी तुमच्या साडेचार पगारांइतकी आहे. ती मोडलीत तर घराकडे वीस हजार उरतात. दोन मुलांच्या घरात हे मला अजिबात पटत नाही. दीड लाखाचं लोन 15 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण 5,200 आणि व्याज 37,000 च्या आसपास, म्हणजे सायलेन्सरचं जवळजवळ सगळं काम त्या व्याजात झालं असतं. मी दोन्हींना नाही म्हणेन.

आहे त्याच 1.3 इंजिनाच्या ओव्हरहॉलिंगचं कोटेशन घ्या. नंबर तोच, आरसी तीच, सायलेन्सरही बहुतेक तोच. 2028 चं पासिंग याच इंजिनावर होऊ द्या. सोबत महिना 8,000 ची आरडी सुरू करा. 25 हप्त्यांत दोन लाख जमतात, व्याज वेगळं. त्यानंतरही 1.6 हवंच असेल तर खुशाल बसवा, तेव्हा पैसे तुमचे असतील. गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स मात्र आरटीओचं उत्तर हातात पडल्याशिवाय देऊ नका.