वि. का. आणि वै. का.: चरित्रनोंदी करणाऱ्या तरुण मित्रास

पुणे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

पुण्यातल्या कर्तबगार माणसांच्या चरित्रनोंदी करायचे काम तू हाती घेतलेस आणि पहिल्याच यादीत जोशी, देशपांडे, रमाबाई एकमेकांत अडकल्या, हे कळले. अडकणारच. आपल्याकडे आडनावे मोजकी, आणि छापताना नावाची आद्याक्षरे करायची सवय जुनी. त्यात नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत. गोपाळचा मुलगा कृष्ण, कृष्णाचा मुलगा पुन्हा गोपाळ, असे एखाद्या घरात चालत राहिले तर आजोबा आणि नातू दोघेही ‘गोपाळ कृष्ण’ होतात. वडिलांचे नाव जोडले की माणूस पक्का झाला, असे समजणारे इथेच फसतात.

या कामात एक गोष्ट धरून ठेव: नाव हा पुरावा नव्हे. नाव फक्त कुठे शोधायचे ते सांगते. अमुक कामगिरी अमुक माणसाची, हे ठरवायला नावाखेरीज किमान दोन खुणा जुळल्या पाहिजेत, आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. दोन वर्तमानपत्रांनी एकाच पत्रकावरून बातमी छापली असेल तर ती एकच खूण.

आता एकेक खूण कशी अपुरी पडते ते पाहा.

घराणे आणि गाव घे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे वैदिक वाङ्मयाचे अभ्यासक. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९४० मध्ये प्रसिद्ध केलेले यास्काचे निरुक्त (वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा प्राचीन ग्रंथ) त्यांनी संपादित केलेले आहे. मराठीत ‘वि. का.’ आणि ‘वै. का.’ असा वेलांटी-मात्रेचा तरी फरक राहतो. रोमन लिपीत दोघांची आद्याक्षरे तंतोतंत एक होतात. वडील एक, शहर एक, दोघेही संशोधक. इंग्रजी सूचीवरून काम करणारा माणूस निरुक्त सहज इतिहासाचार्यांच्या खात्यावर टाकतो. इथे उपयोगी पडते साल: इतिहासाचार्य १९२६ मध्ये वारले. पण मरणोत्तर प्रकाशनही असू शकते, म्हणून सालावर थांबायचे नाही. मुखपृष्ठाआतले पान आणि प्रस्तावनेखालची सही पाहायची.

संस्थाही पुरत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच समाजात त्यांचे सहकारी होते गोपाळ कृष्ण देवधर. पुढे अध्यक्षपदही देवधरांकडे आले. १९०९ च्या पुणे सेवासदनामागे रमाबाई रानडे यांच्याबरोबर हेच देवधर होते. जुन्या मजकुरात ‘गोपाळ कृष्ण’ एवढाच उल्लेख आणि पुढे सहकार किंवा स्त्रीशिक्षणाचे काम असेल, तर हात आवर. गोखले १९१५ मध्ये गेले, देवधर १९३५ मध्ये. मधल्या वीस वर्षांतले काम कुणाचे, हे तारीख स्वतःच सांगेल.

रमाबाईंचा गुंता याहून अवघड, कारण तिथे शहर, काळ आणि कार्यक्षेत्र ही तिन्ही जुळतात. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला, आणि रमाबाई रानडे त्याच समाजात जात. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढच्या वर्षी पुण्यात आले. रानड्यांचे सेवासदन त्यानंतर वीस वर्षांनी. ‘रमाबाईंचे सदन’ एवढे वाक्य सापडले तर ते कोणत्याच रमाबाईंच्या कार्डावर चढवू नकोस. सदनाचे पूर्ण नाव आणि साल मिळाल्याशिवाय ते वाक्य टिपलेली चिठ्ठी तशीच सुटी राहू दे.

बायकांच्या नोंदींना वेळ जास्त लागतो, आणि तो द्यायलाच हवा, कारण कामगिरी हरवते ती बहुधा यांचीच. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी घेतली. दुसऱ्या आनंदीबाई म्हणजे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी. माहेरच्या त्या गोदूबाई जोशी. विधवा म्हणून त्या शारदा सदनात शिकल्या, आणि १८९३ मध्ये पुनर्विवाहानंतर आनंदीबाई कर्वे झाल्या. दोघींचे जन्मनाव आनंदी नाही, दोघींच्या आयुष्यात ‘जोशी’ हे आडनाव आहे, दोघींच्या शिक्षणाला पहिलेपणाचा मान आहे. म्हणून स्त्रीच्या कार्डावर चार रकाने ठेव: जन्मनाव, माहेरचे आडनाव, लग्नानंतरचे पूर्ण नाव, त्या नावाचा काळ. पुनर्विवाह असेल तर शेवटचे दोन रकाने पुन्हा.

व्यवसाय ही सर्वांत कच्ची खूण. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आणि हिंदीतले व्यंगकार शरद जोशी यांची नावे अगदी एक. ‘लेखक’ म्हणून वेगळे काढावे तर शेतकरी नेत्यांनीही भरपूर लिहिले आहे. तिथे भाषा आणि गाव कामी येतात: एक साताऱ्यात जन्मून, स्वित्झर्लंडमधल्या बर्नची नोकरी सोडून, चाकणजवळ आंबेठाणला शेती करणारे, दुसरे उज्जैनचे, १९९० चे पद्मश्री. तसेच अर्थतज्ज्ञ गाडगीळ म्हटले की धनंजयरावही येतात आणि कथाकार गंगाधर गाडगीळही, कारण ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते.

पुरस्कारांच्या याद्यांत तर घाईने वाचणाऱ्याची फसगत ठरलेली. साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार १९५९, १९६२ आणि १९६५ मध्ये तीन देशपांड्यांना मिळाला: ग. त्र्यं., पु. य. आणि पु. ल. यातले शेवटचे दोघे पुरुषोत्तमच. पु. य. देशपांड्यांचा मान पु. लं.च्या खात्यावर जाणे हा निव्वळ अन्याय आहे. प्रसिद्ध नावाकडे कामगिरी आपोआप वाहत जाते, आणि तिला अडवणे हे तुझे काम आहे. पुरस्काराची नोंद करताना घोषणेचे आणि प्रदानाचे साल वेगळे लिही. भीमसेन जोशी यांना भारतरत्न जाहीर झाले नोव्हेंबर २००८ मध्ये, दिले गेले २००९ मध्ये. दोन सालांमुळे एक मान दोन ठिकाणी नोंदला जाऊ शकतो.

आता प्रत्यक्ष पद्धत. व्यक्तीचे कार्ड आणि कामगिरीची चिठ्ठी नेहमी वेगळी ठेव. संगणकावर करत असशील तर दोन वेगळे तक्ते. चिठ्ठीवर काय केले, कधी, कुठे आणि हे कुठल्या पानावर सापडले एवढे लिही, आणि नाव मुळात जसे छापले आहे अगदी तसे उतरव. ‘वि. का.’ असेल तर ‘वि. का.’च; मनाने ‘विश्वनाथ’ करू नकोस. बहुतेक चुका नेमक्या याच क्षणी होतात: माणूस अर्धे नाव पाहतो, ओळखीचे पूर्ण नाव लिहून टाकतो, आणि पुढच्या वाचकाला मुळात काय होते ते कळायचा मार्गच उरत नाही. चिठ्ठी कार्डाला आधी पेन्सिलने जोड. दोन स्वतंत्र खुणा जुळल्या की शाईने.

मग वयाचा हिशेब कर. त्या वर्षी हा माणूस किती वर्षांचा होता? आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. फर्ग्युसन महाविद्यालयात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडणारे वासुदेव बळवंत गोगटे, साल १९३१. आडनाव गाळून नुसते ‘वासुदेव बळवंत’ लिहिलेला मजकूर आला तरी वजाबाकी अर्ध्या मिनिटात निकाल देते.

जुनी साले शकात असतील तर जपून. चैत्र ते मार्गशीर्ष या महिन्यांसाठी शकात ७८ मिळव, माघ-फाल्गुनासाठी ७९. पौष दोन्हीकडे पडू शकतो, तिथे तिथीवरून पंचांग पाहावे लागते. सरसकट ७८ मिळवल्याने जन्मसाल एका वर्षाने मागे जाते आणि एकाच माणसाची दोन कार्डे तयार होतात. रोमन लेखनानेही तेच होते: राजवाडे, देवधर, परांजपे ही आडनावे जुन्या इंग्रजी कागदांत दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली सापडतील. सगळे प्रकार शोधल्याशिवाय ‘नोंद नाही’ असे म्हणू नये.

दोघांना एक करणे आणि एकाला दोन करणे, या दोन्ही चुका आहेत. पण सारख्या नाहीत. एकाची दोन कार्डे झाली तर नंतर एका ओळीने जोडता येतात. दोघांचे एक कार्ड झाले की कुठली ओळ कुणाची हे सोडवणे जवळजवळ अशक्य होते, आणि तोवर चार जणांनी ते उतरवून घेतलेले असते. संशय असेल तर कार्डे दोन ठेव.

मथळ्यात माणसे वेगळी कशी दाखवायची? सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी इथेच पुण्यात प्राचीन चरित्रकोश केला, त्यात एकाच नावाच्या व्यक्तींना क्रमांक दिले आहेत. पुराणातल्या नावांना ते ठीक. आधुनिक माणसांत त्याच नावाचा नवा माणूस कधीही निघतो आणि क्रमांक सरकतात, म्हणून तू नावापुढे जन्म-मृत्यूची साले आणि एक ओळख लिही: ‘जोशी, शरद अनंत (१९३५–२०१५), शेतकरी नेते’. हयात माणसांचे काम सोपे आहे, त्यांना विचारावे. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांचे नोंदणी क्रमांक असतात, कंपनीच्या संचालकाला आठ अंकी क्रमांक असतो, संशोधकाला ऑर्किड (ORCID) हा सोळा अंकी ओळख क्रमांक. क्रमांक जुळला की वाद मिटला. पण तो छापायचा नाही, आपल्या कार्डापुरता ठेवायचा. पत्रकार अरविंद व्यं. गोखले यांनी मधले ‘व्यं.’ धरून ठेवल्यामुळे कथाकार अरविंद गोखले यांच्यापासून त्यांचे लेखन आपोआप वेगळे राहते. तूही आपले नाव कसे लिहिणार ते आताच ठरव, आणि पहिल्या लेखापासून तेच ठेव.

छायाचित्रावर मात्र कधीच विसंबू नकोस. इंटरनेटवर एका जोशींच्या माहितीशेजारी दुसऱ्याच जोशींचा चेहरा दिसणे नित्याचे आहे.

सुरुवात दोन रमाबाई आणि दोन आनंदीबाई यांच्या चार कार्डांपासून कर. विश्वकोशातली नोंद आधी वाच, मग पुणे नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात मूळ चरित्रे काढ, आणि जुळत नसलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात ठेव. चारही कार्डे पेन्सिलीत असतानाच ते पाकीट घेऊन ये. आपण आधी तेच बघू.

कळावे.