आवाज सगळ्यात शेवटी ऐक

अरे, तू पाठवलेली ‘आयडा’ या व्हर्दीच्या ऑपेराच्या जुन्या रेकॉर्डिंगची फाईल ऐकली. आयडा गाणारी मारिया कॅलस आहे, मेक्सिको सिटी आहे, एवढं बरोबर, पण वर्ष ठरवायला तू नेमका तिचाच आवाज धरून बसलायस. दुसऱ्या अंकाच्या शेवटी अख्ख्या कोरसच्या वर तिचा तो ई फ्लॅट, म्हणजे फार वरचा सूर, येतो, अंगावर काटा येतो हे मान्य, पण तो तिने १९५० लाही लावलाय आणि १९५१ लाही, मग त्यावरून काय ठरणार? बाकीचे लोक ऐक ना. १९५० ला रादामेस, म्हणजे आयडाचा प्रियकर, कुर्ट बाउम, १९५१ ला मारिओ देल मोनाको. राजकन्या अम्नेरिस आधी जुलिएत्ता सिमिओनातो, मग ओरालिया दोमिंगेझ. आयडाचा बाप अमोनास्रो आधी रॉबर्ट वीड, मग जुझेप्पे ताद्देई. तिसरा अंक, तो नाईलकाठचा, त्यात हे सगळेच येऊन जातात, अर्ध्या तासात निकाल लागेल.

मला तुला हेच सांगायचंय की स्टारच्या मागे धावू नकोस, तारीख शोध. स्टार तोच रोल वर्षानुवर्षं गातो, पण त्याच्या आजूबाजूची माणसं बदलतात, आणि एकदा ती संध्याकाळ सापडली की सगळी नावं आपोआप मिळतात. न्यूयॉर्कच्या मेटचं, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेराचं तर १८८३ पासूनचं प्रत्येक प्रयोगाचं कास्ट ऑनलाईन शोधता येतं, एवढी सोय असताना नुसत्या कानावर कशाला जायचं?

वाग्नरच्या ‘ट्रिस्टन आणि इझोल्डे’ या ऑपेराचं लंडनचं रेकॉर्डिंग बघ. तिथल्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात १९३६ ला फ्रिट्झ रायनर कंडक्टर, १९३७ ला थॉमस बीचम, आणि दोन्ही वर्षी रेकॉर्डिंग झालं, दोन्ही वर्षी ट्रिस्टनच्या भूमिकेत मेल्कियोर आणि इझोल्डेच्या भूमिकेत फ्लागस्टाड. पुढे सीडी आली त्यावर बीचम १९३७ असं छापलं होतं आणि आत रायनरचे १९३६ चे भाग मिसळलेले होते. फक्त त्या दोघांना ऐकत बसलास तर तुला कधीच शंका येणार नाही, कारण ते तेच आहेत. पण इझोल्डेची मोलकरीण ब्रांगेने ऐक, १९३६ ला साबिने काल्टर आणि १९३७ ला मार्गारेटे क्लोझे. राजा मार्के पण आधी एमानुएल लिस्ट, नंतर स्वेन निल्सन. मधेच मोलकरणीचा आवाज बदलला तर टेप जोडलेली आहे, सरळ हिशोब.

आता पट्टीबद्दल, आणि इथे आपल्यासारख्यांनी जास्त जपायला हवं. आपला कान ख्याल ऐकून तयार झालेला असतो, कुणाचा सा काळी एक, कुणाचा पांढरी पाच, त्यामुळे टेप थोडी जोरात धावत असली तरी आपल्याला खटकत नाही. ऑपेरात मात्र पट्टी कागदावर छापलेली असते. स्पीड सहा टक्के वाढला की सगळं जवळपास अर्धा सूर वर जातं, टेनर, म्हणजे उंच आवाजाचा पुरुष गायक, पातळ आणि तरुण वाटायला लागतो, व्हायब्रेटो, म्हणजे सुराचं कंपन, पण जलद होतो, म्हणजे माणूसच बदलला असं वाटतं आणि मग आपण भलतंच नाव लिहून मोकळे होतो. म्हणून आधी स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपी, उघड, स्पीड नीट कर, मगच आवाजावर बोल. फक्त व्हर्दीच्या ‘त्रोवातोरे’ ऑपेरातल्या ‘दि क्वेला पीरा’ या टेनरच्या गाण्यासारख्या जागेवरून स्पीड लावू नकोस हं, ती सी मधे लिहिलीय पण बरेच टेनर अर्धा सूर खाली बी मधे गातात, ऑर्केस्ट्रासकट. कोरस किंवा एखादा मोठा समूहाचा भाग घे, तिथे सहसा कोणी पट्टी बदलत नाही.

गाणं सोडून बाकीचं पण ऐकायची सवय लाव. अनाउन्सर कापलेला नसेल तर सोनंच, मेटच्या शनिवारच्या रेडिओवर १९३१ पासून १९७५ च्या सुरुवातीपर्यंत मिल्टन क्रॉसचाच आवाज असायचा. मागची विजेची गुणगुण युरोपातली असेल तर ५० हर्ट्झ, न्यूयॉर्कची असेल तर ६०, पण ती नंतर कॉपी करताना पण शिरते, त्यामुळे एकट्या तिच्यावर भरवसा नको. कुठले कट घेतलेत, म्हणजे कुठले भाग गाळलेत, कुठल्या भाषेत गातायत, गायकांना ओळी सुचवणारा प्रॉम्प्टर ऐकू येतो का, हे सगळं टिपून ठेव.

आणि लेबलवरच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही, हे तर पहिल्या दिवसापासून. १९५४ ला अमेरिकेत ॲलेग्रो या रेकॉर्ड कंपनीने वाग्नरच्या ‘रिंग’ मालिकेचे चारही ऑपेरा काढले, कंडक्टर म्हणून फ्रिट्झ श्रायबर. असा कंडक्टर नव्हताच! ते १९५३ चं बायरॉइट होतं, म्हणजे जर्मनीतल्या वाग्नर महोत्सवाचं रेकॉर्डिंग, कंडक्टर योझेफ काइलबर्थ, आणि त्यात झीग्लिंडेच्या भूमिकेत होती रेजिना रेझनिक. एडवर्ड स्मिथ नावाच्या माणसाने खाजगीरीत्या काढलेल्या ऑपेराच्या एलपींवर पण बनावट नावं सापडतात. नाव अनोळखी असेल तर तो माणूस खरंच कुठे गायला होता का ते आधी बघ.

कधी कधी कानाचा काहीच उपयोग नसतो. मेटचे लायब्ररियन लायनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ मधे प्रयोग चालू असताना मेणाच्या सिलिंडरवर दोन-दोन मिनिटांचे तुकडे घेतले, त्यात टेनर जाँ द रेश्के आहे, आणि त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. तुलना कशाशी करणार? तिथे सिलिंडरची नोंद आणि त्या दिवसाचं कास्ट एवढंच हातात असतं. मला ते खरखरीतले काही सेकंद फार प्रिय आहेत, म्हणूनच सांगतो, अशा ठिकाणी घाईने कुणाचं नाव चिकटवू नकोस, दुसऱ्या कुणाचं तरी काम आपण पुसून टाकतो त्याने.

कुमार गंधर्व तू दोन सेकंदात ओळखतोस कारण लहानपणापासून घरात वाजत होते. इटालियन बॅरिटोन, म्हणजे टेनरपेक्षा खालच्या आवाजाचे पुरुष गायक, तसे ओळखू यायला वर्षं जातील, जाऊ देत. तोपर्यंत प्रत्येक नावापुढे ते कशावरून ठरवलं ते लिही, छापील कास्टवरून, अनाउन्सरवरून की नुसतं ऐकून. नुसतं ऐकून असेल तर ‘बहुतेक’ लिही. आणि स्पीड बदललेली फाईल वेगळी सेव्ह कर, मूळ फाईलला हात लावू नकोस, उद्या तुझं चुकलं तर पुढच्या माणसाला परत तिथूनच सुरू करता आलं पाहिजे.