ताईचे पांग कसे फेडू?

तो माझ्याकडे समुपदेशनासाठी आला तेव्हा तक्रार झोपेची होती. रात्री तीन वाजेपर्यंत टक्क जागा, सकाळी तासाला बसलं की डोळे मिटायचे, आणि एका विषयात दुसऱ्यांदा नापास. अभियांत्रिकीचं तिसरं वर्ष. घरात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. बोलताना त्याने फोन हातात पालथा धरला होता. मध्येच फोन थरथरला, त्याने नाव बघितलं आणि पुन्हा पालथा केला. “घे की,” मी म्हटलं. “ताई आहे,” एवढंच म्हणाला. फोन काही घेतला नाही.

(दोघांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताईचा विषय पूर्ण निघायला तीन भेटी लागल्या. ती त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. वडिलांचं काम सुटलं त्या वर्षी ती पंधरा वर्षांची होती. वर्षाच्या मध्येच तिची शाळा थांबली आणि ती आईबरोबर शिवणाला बसली. पुढे त्याची फी, पुस्तकं, वसतिगृह, सगळं त्या मशीनवर उभं राहिलं. घरात, नात्यात, शेजारी, जो तो त्याला एकच सांगायचा: “ताईने तुझ्यासाठी शिक्षण सोडलं, विसरू नकोस हं.” तो विसरला नव्हताच. नापास झालेल्या विषयाची परीक्षा पुन्हा द्यायची तर त्या परीक्षेची फी म्हणजे ताईच्या शिवणाचे किती दिवस, याचा हिशेब त्याच्या वहीच्या मागच्या पानावर होता. मला त्याने तो दाखवला. तासांपर्यंत काढलेला होता.

“मी तिचे पांग कसे फेडू?” चौथ्या भेटीत त्याने विचारलं.

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की त्याची वेगवेगळी रूपं आता ओळखू येतात. कुणी पहिल्या पगारातलं जवळजवळ सगळं घरी पाठवून स्वतः अर्धपोटी राहतं. कुणी घरच्यांनी सुचवलेल्या कुठल्याही गोष्टीला नाही म्हणू शकत नाही. आणि बरेच जण या मुलासारखे घरापासून लांब पळतात. बाहेरच्यांना वाटतं शिकून शेफारला, घरच्यांना विसरला. खरं तर त्याला घराची आठवण असह्य झालेली असते. ज्याचं देणं आहे त्याच्या समोरून जायचं माणूस टाळतो, तसंच हे. 2015 मध्ये रेबेका कोव्हारुबियास आणि स्टेफनी फ्रायबर्ग या संशोधक स्त्रियांनी नेमक्या अशा मुलांचा अभ्यास केला. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यांना आपण पुढे गेलो आणि घरचे मागे राहिले याचा अपराधीपणा इतर मुलांपेक्षा जास्त असतो, असं त्यांना आढळलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला रोजच्या कामात उपयोगी पडते. आपण घरच्यांना एखाद्या अडचणीत मदत केली तो प्रसंग आठवायला सांगितला, की हा अपराधीपणा कमी झाला. मी त्यालाही तेच सांगितलं. खूप वेळ गप्प बसून तो म्हणाला, “वडिलांच्या आजारपणात सगळे कागद मीच वाचायचो. डॉक्टर काय म्हणाले ते आईला मीच सांगायचो.” तेव्हा तो बारा वर्षांचा होता. घरासाठी आपणही काही केलं आहे, हे तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. झोप थोडी सुधारली.

मग मी एक चूक केली. ती लिहायलाच हवी, कारण असा सल्ला सगळीकडे सर्रास दिला जातो. मी त्याला ताईला पत्र लिहायला सांगितलं. तिने काय काय केलं, त्यामुळे तुझं काय झालं, सगळं लिही आणि दे. हा उपाय मी मनाने काढलेला नव्हता. 2018 मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी अशी आभाराची पत्रं लिहून घेतली होती. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं लिहिणाऱ्यांना जितकं वाटत होतं तितकं झालं नाही, आणि मिळालेला आनंद त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त होता. माझाही असा अनुभव आहे, म्हणून मी निर्धास्त होते.

त्याने चार पानं लिहिली. सुंदर पत्र होतं. “तुझ्या त्यागामुळे” हे शब्द त्यात पाच-सहा वेळा होते. त्या वेळी ते मला खटकले नाहीत. आज खटकतात.

पत्र मिळाल्यावर ताईचे फोन बंद झाले. आठ दिवस, दहा दिवस. तो घाबराघुबरा होऊन आला. दुसऱ्याच दिवशी मला तिचा निरोप आला की तिला भेटायचं आहे.

ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली. पत्र तिच्या पिशवीत होतं, घडी अगदी नीट घातलेली. भाऊ शेजारी. मी म्हटलं, “तुम्ही आलात, बरं वाटलं. पत्राबद्दल बोलायचं आहे का?”

“मॅडम, मी त्याग केला नाही,” ती म्हणाली. “मला कुणी विचारलंच नव्हतं.”

भाऊ काहीतरी बोलायला गेला. तिने हाताने थांबवलं. “सहामाही झाली होती. भूमितीचं पुस्तक अर्धं झालं होतं. एक दिवस बाबा म्हणाले, उद्यापासून जाऊ नकोस. मी रडले तर आई म्हणाली, धाकट्याचं तरी होऊ दे. झालं एवढंच. पुढे वर्षभराने लोक म्हणायला लागले, किती मोठ्या मनाची पोरगी. मग रागवायचीही सोय राहिली नाही. मोठ्या मनाची पोरगी रागावते का? आणि आता यानेही तेच लिहून दिलं. चार पानं.”

बराच वेळ कुणीच बोललं नाही. मी त्या मुलाबरोबर दोन महिने काम करत होते आणि ताईबद्दल मला सगळं ठाऊक आहे असं धरून चालले होते. मला ठाऊक होती ती घरात सांगितली जाणारी गोष्ट. इव्हान बोसोर्मेनी-नॉज या कुटुंबोपचारतज्ज्ञाने फार पूर्वी बजावून ठेवलं आहे की आपल्या कामाचा परिणाम ज्याच्यावर होणार, त्या माणसाचीही बाजू उपचारकाने धरायला हवी, मग तो समोर बसलेला असो वा नसो. घराघरात देण्याघेण्याची एक न दिसणारी खातेवही असते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालते, असंही तो मांडायचा. या घरातल्या खातेवहीत ताईच्या नावापुढे “दिलं” असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तिच्याकडून घेतलं गेलं होतं. नोंदच चुकलेली, तर भाऊ फेडणार काय आणि कुणाला?

आपल्या भाषेत कृतज्ञ हा शब्द नेमका आहे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आभार, ऋण, उतराई या सगळ्याच्या आधी येतं ते जाणणं. त्या चार पानांत प्रेम होतं, आभार होते, पण जे घडलं त्याची जाण नव्हती. ती नसताना केलेलं कौतुक समोरच्याला देव्हाऱ्यात नेऊन बसवतं, आणि देव्हाऱ्यातल्या माणसाला तक्रार करता येत नाही.

त्या दिवशी मी दोघांना एक गोष्ट सांगितली. शिक्षण ही बहिणीने भावाला द्यायची भेट नाही. 1948च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 26वं कलम सांगतं की शिक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे. 1989च्या बालहक्क संहितेतलं 12वं कलम तर म्हणतं की मुलाच्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या बाबतीत त्या मुलाचं मत ऐकून घेतलं गेलं पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलीचं मत. ताईने हे ऐकलं आणि विचारलं, “असं लिहिलेलं आहे?” मग पुन्हा विचारलं, “खरंच लिहिलेलं आहे?” तिला कायदेशीर काही करायचं नव्हतं. आपल्याला आतून जे चूक वाटत होतं ते जगात कुणीतरी चूक म्हणून लिहून ठेवलं आहे, हेच तिला पुरेसं होतं.

आईवडील वाईट होते असं मी म्हणत नाही, तीही म्हणत नव्हती. घरात एकाच्याच शिक्षणापुरता पैसा उरला आणि त्यांनी धाकट्याकडे, मुलाकडे बघितलं. असं घडतं, पण घडतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. भावाचा यात दोष नव्हता. तो दहा वर्षांचा होता. आणि दोष नव्हता म्हणूनच त्याला काही भरपाई करायची नव्हती. हे त्याला पटायला पुढचे कितीतरी आठवडे गेले.

कृतज्ञता आणि ऋणाचं ओझं यांत मानसशास्त्रही फरक करतं. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की देणाऱ्याला परतफेडीची अपेक्षा आहे असं जितकं जास्त वाटेल, तितकं घेणाऱ्याचं ओझं वाढतं आणि कृतज्ञता कमी होते. इथे ताईची अपेक्षा काहीच नव्हती. “विसरू नकोस हं” म्हणणाऱ्यांनी तिच्या नावाने ती उभी केली होती. मी त्याला म्हटलं, “तू ज्या सावकाराला घाबरतोस तो ताई नाही. ताईला काय हवंय ते तू कधी विचारलंस?” त्याने मान हलवली. नाही.

मग त्याने विचारलं, माझ्यासमोरच.

“लोकांसमोर ताईच्या त्यागामुळे असं म्हणायचं बंद कर,” ती म्हणाली. “ताईची शाळा बंद झाली आणि माझी सुरू राहिली, असं म्हण.”

वाक्य साधंच आहे, पण तो ते पहिल्यांदा म्हणाला तेव्हा त्याचा आवाज फुटला. पुढच्या सुट्टीत हेच वाक्य त्याने नातेवाइकांसमोर म्हटलं. वडील उठून बाहेर गेले. त्या रात्री वडिलांशी बोलणं झालं नाही. अजूनही नीटसं झालेलं नाही.

त्या सुट्टीतली आणखी एक गोष्ट त्याने आनंदाने सांगितली. तो ज्या विषयात अडकला होता तो होता स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे वस्तूवर जोर आला की ती कशी ताणते, कशी तुटते याचा अभ्यास. एका दुपारी ताई कापड बेतत होती आणि तो शेजारी पुस्तक उघडून बसला होता. तिने गळ्याच्या पट्टीसाठी कापड उरेब, म्हणजे तिरकं, धरलं. त्याने विचारलं, सरळच का नाही कापत? ती म्हणाली, “उभं ओढ, आडवं ओढ, कापड हलत नाही. कोपऱ्याकोपऱ्याने ओढ, बघ कसं ताणतं. गोल गळ्याला वळणारी पट्टी हवी.” त्याने ओढून बघितलं. उभ्याआडव्या धाग्यांशी 45 अंशात कापड खरंच ताणलं जात होतं. पुस्तकात दिशा बदलली की ताण कसा बदलतो याची सूत्रं तो वर्षभर घोकत होता. पिळलेला खडू सरळ न तुटता तिरका का तुटतो याचं उत्तरही त्याच 45 अंशांत होतं. हातातलं कापड बघताना ते पान त्याला पहिल्यांदा कळलं. “ताईला हे दहा वर्षांपासून माहीत आहे,” तो म्हणाला.

हे ऐकून मला 1985 सालचा एक अभ्यास आठवला. तेरेझिन्हा नुनेस आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांची गणितं तपासली. विक्री करताना त्यांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड नुसत्या अंकांत मांडून दिल्यावर 37 टक्के. ज्ञान होतंच, फक्त ते शाळेच्या रूपात नव्हतं. शिकलेला माणूस घरी परत जातो तेव्हा आपण प्रकाश घेऊन अंधारात चाललो आहोत असं त्याला नकळत वाटत असतं, आणि अपराधीपणाच्या मुळाशी पुष्कळदा तेच असतं. त्या दुपारी तो ताईकडून शिकला आणि ताईला ते कळलं. अशा मुलांना मी आता पत्राआधी हे सुचवते: घरच्या माणसाला तो रोज करतो त्या कामाबद्दल एक खरा प्रश्न विचार, ज्याचं उत्तर तुला येत नाही.

पण त्या दुपारमुळे ताईची शाळा परत मिळाली नव्हती, आणि ती हे विसरायला तयार नव्हती. मला ते आवडलं. हाताचं ज्ञान मोठं असतं असं म्हणून पुस्तकाचं ज्ञान नाकारलं जाणं तिने पुष्कळ सोसलं होतं. तिला बाहेरून परीक्षेला बसायचं होतं. भावाने लगेच फी भरायची तयारी दाखवली.

“फी माझी मी भरेन,” ती म्हणाली. “मला वेळ नाही. मशीनवरून उठले की बाबांची औषधं, स्वयंपाक, सगळं. मी अभ्यासाला बसेन तेव्हा तू घर बघ.”

आता शनिवार-रविवार तो घरी जातो. दोन्ही वेळचा स्वयंपाक त्याचा, वडिलांची औषधं त्याची. पहिल्या आठवड्यात आईने त्याला ओट्यापासून बाजूला सारलं, दुसऱ्या आठवड्यातही. तिसऱ्या आठवड्यात सारलं नाही. ताईने तेच जुनं भूमितीचं पुस्तक काढलं आणि जिथे थांबली होती तिथून सुरू केलं. अभ्यासक्रम बदलला आहे, नवीन पुस्तक घे, असं त्याने सुचवलं. ती म्हणाली, आधी हे संपवते.

परीक्षेचा अर्ज भरताना शिक्षणात पडलेल्या खंडाचं कारण विचारणारा एक रकाना होता. तिने त्याला फोन करून विचारलं, इथे काय लिहू. हल्ली तो तिचे फोन घेतो. तो म्हणाला, घडलं ते लिही.

तिने लिहिलं, “घरच्यांचा निर्णय. मला विचारलं नव्हतं.”